नवऱ्याला ठाऊक होतं

माझी भाची शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काजं-बटणं करायची. बहीण लवकर गेली, तेव्हापासून पोर माझ्याच हाताखाली मोठी झाली. हात असा चालायचा की सोबतच्या बायका म्हणायच्या, "हिच्यासमोर तोंड उघडं टाकून बसू नका गं, बटण लावून मोकळी होईल."

तिचा पहिला नवरा ट्रक रंगवायचा. तो आजारपणात गेला, तेव्हा दवाखान्यात हिचंही रक्त तपासलं. त्याचा एचआयव्ही हिच्यातही निघाला. रडून झालं, मग गोळ्या सुरू झाल्या. पण बाटलीवर सगळं छापलेलं, ती घरी न्यायची कशी? तिथल्या बायांची एक रीतच होती. बाटली मिळाली की दवाखान्याच्याच नळाखाली धरायची आणि वरचा कागद नखाने खरवडून काढायचा. त्या मोरीत कायम कागदाचा लगदा तुंबलेला. मी सोबत गेले की मीही खरवडायला लागायचे. माझी नखं चांगली आहेत.

पुढे तिला लिफ्ट दुरुस्त करणारा एक जण आवडला. माणूस गमतीदार. माझ्याकडे यायचा तो जिन्याने, धापा टाकत. म्हणायचा, "मावशी, लिफ्टच्या आत काय काय आहे ते मला माहीत आहे ना, म्हणून!" लग्नाआधी हिने कारखान्याबाहेरच्या बाकावर बसून त्याला सगळं सांगितलं. घरी येऊन मला म्हणाली, "मावशी, तो पळाला नाही गं. एवढंच म्हणाला, आमच्या घरी कळू देऊ नकोस." तसंच झालं. कागद नसलेली बाटली सासूच्या डोळ्यांदेखत फळीवर असायची. सासूला वाटायचं, ताकदीच्या गोळ्या.

मग तोच आजारी पडला. त्याच्याही रक्तात तेच निघालं. त्याच्या थोरल्या भावाने खडसावलं, "तुला माहीत होतं?" आता सगळ्या घरासमोर हो म्हणायचं, म्हणजे डोळे उघडे ठेवून लग्न केलं असं होतं. तो घाबरला, नाही म्हणाला. भाऊ त्याला धरून पोलीस चौकीत घेऊन गेला. हिने आजार लपवला आणि नवऱ्याला दिला, असा गुन्हा दाखल झाला.

कोर्टात त्याने तेच सांगितलं. दवाखान्याची डॉक्टरीण म्हणाली, गोळ्या नीट घेतल्या तर आजार दुसऱ्याला जात नाही, आणि कोणाचा कोणाला गेला हे मी सांगू शकत नाही. "हिच्याकडून गेलाच नाही, असं सांगू शकता?" सरकारी वकिलाने विचारलं. तेही तिला सांगता येईना.

मग माझी पाळी.

"तिने त्यांना सांगितलं म्हणता, तेव्हा तुम्ही तिथे होतात?" त्याच वकिलाने विचारलं.

"लग्नाचं बोलताना पोरं म्हातारीला मध्ये बसवतात का, साहेब?"

सगळे हसले. न्यायाधीशबाईसुद्धा. मला वाटलं, जिंकलो.

"म्हणजे तुम्ही ऐकलेलं नाही. बरं, बाटलीवरचा कागद कोणी काढला?"

"सगळ्याच काढतात. मीही काढलाय."

"कशासाठी?"

"कोणाला कळू नये म्हणून."

वकील म्हणाला, "बस्स," आणि खाली बसला. कोणाला म्हणजे सासूला, शेजाऱ्यांना, हे मी सांगत होते, पण मला उतरायला सांगितलं.

त्यानंतर एका संध्याकाळी जावई माझ्या दारात आला. निम्मा झाला होता. म्हणाला, "मावशी, मला केस मागे घ्यायची होती. पोलीस म्हणाले, ती आता तुझी नाही, सरकारची आहे."

"मग खरं सांग ना कोर्टात."

"दादाचा वकील म्हणतो, खोटी साक्ष दिली म्हणून तूच आत जाशील."

मी त्याला पाणी दिलं. शिव्या द्यायच्या ठरवून ठेवल्या होत्या, चांगल्या निवडक होत्या, पण हातात पेला धरता येईना अशा माणसाला काय देणार? तो तसाच जिना उतरून गेला.

निकाल लागला. तुरुंगवास. किती, ते ऐकायच्या आत माझे कान बंद झाले. पोलीसबाई तिला नेताना क्षणभर थांबली, बाई चांगली होती. मला वाटलं, पोर आता गळ्यात पडेल. ती म्हणाली, "मावशी, त्याच्या गोळ्या नवीन आहेत. सुरुवातीला गरगरतं. त्याला सांग, रात्री जेवून गोळी घे आणि लगेच आडवा हो. लिफ्टवर चढू नकोस म्हणावं काही दिवस."

"तुझं काय गं?"

"तू त्याला सांग आधी."

तिला नेलं. मी बाहेर आले. तो पायऱ्यांवर उभा होता, भावाने त्याचा दंड धरलेला. मी जवळ जाऊन, जसं सांगितलं तसं सगळं त्याच्या कानात सांगितलं. तो ऐकत होता.

"काय म्हणत होती म्हातारी?" भावाने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला.