डाव्या हाताचे बाक

संगमनेरहून घरी येताना माझी मोटारसायकल रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. डोक्याची जखम भरली, पण नजरेची डावी बाजू गेली. डोळे शाबूत आहेत, मेंदूला मार बसलाय, असे डॉक्टर म्हणाले. चटणी-लोणचे ताटात डावीकडे वाढतात, ते मला दिसायचे नाही. वाढलेच नाही म्हणून मी बायकोवर खेकसायचो. ती मुकाट्याने ताट फिरवून द्यायची.

दवाखान्यात दृष्टीचे व्यायाम घेणाऱ्या ताईंनी मान वळवायला शिकवले. पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवायची, ती दिसेपर्यंत मान न्यायची, मगच ओळ वाचायची. माणसांत बसतानाही असेच करा, म्हणाल्या. पन्नाशीला आलेला गणिताचा मास्तर मी, पहिलीच्या पोरासारखा पट्टी शोधत बसायचो. तरी घरी जमू लागले.

शाळेत मात्र झाकली मूठ सव्वा लाखाची. नोकरी जाईल या भीतीने कुणाला काही बोललो नाही. आमच्या वर्गात मुले एका बाजूला बसतात, मुली एका बाजूला. फळ्याला पाठ करून उभा राहिलो की मुली माझ्या डाव्या हाताला. म्हणजे ताईंचे ऐकायचे, तर मी सारखी मान वळवून मुलींकडेच बघायचे. अशा मास्तरबद्दल गाव काय बोलते, मला ठाऊक आहे. मी मान सरळ ठेवली आणि मुलांनाच प्रश्न विचारत राहिलो. मुली गप्प असायच्या, ते माझ्या पथ्यावरच पडले.

एकदा घातलेले गणित कुणाही मुलाला येईना. वर्गात एकालाही येत नाही का, म्हणून मी चिडलो. डावीकडून एका मुलीचा आवाज आला.

"सर, मला येतंय. पन तुमी आमच्याकडं बघतच न्हाई. आमी हात वर करायचं कवाच सोडलंय."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. खुर्चीत बसून मी सगळे सांगितले, अपघात, नजर, नोकरीची भीती. लोक काय म्हणतील म्हणून मान वळवत नव्हतो, हेही सांगितले. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

मग उठलो, एक सोपे गणित घातले आणि ताईंनी शिकवल्याप्रमाणे मान डावीकडे नेली, पार भिंत दिसेपर्यंत. सगळे बाक दिसले, खाली घातलेल्या माना दिसल्या. हात एकही वर नव्हता.