तीन हाकांचा नवरदेव

चिकलठाण्यात कारखाने नुकते उभे राहत होते, त्या काळात शहरात दोन गोष्टी बघायला लोक मुद्दाम थांबत. एक, गुलमंडीवर लुगड्यांसाठी चाललेली बायकांची घासाघीस. दुसरी, आमखास मैदानावर मल्हारीचं रुसणं. त्याचा खेळही बघत, नाही असं नाही. पण खेळ काय, कुठंही बघायला मिळतो.

फुटबॉलमध्ये मल्हारी लेफ्ट आउट खेळायचा, म्हणजे डाव्या रेषेला धरून पळणारा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बिडकीनकडच्या एका वाडीत त्याचं पोरपण मेंढरांमागं गेलं, आणि मेंढरं हाकणारा माणूस कळपाच्या मधून चालत नाही, कडेनं चालतो. भरकटलेल्या मेंढराच्या पुढ्यात डाव्या पायानं खडा उडवायचा आणि त्याला वळवायचं, हा दिवसभराचा उद्योग. पुढं खड्याच्या जागी चेंडू आला, एवढाच फरक. पंप बनवणाऱ्या एका कंपनीनं त्याला हेल्पर म्हणून ठेवून घेतलं. पॅकिंगमध्ये त्यानं किती पंप बांधले ते मात्र विचारू नये. दुपारचे तीन वाजले की स्वारी मैदानावर.

पायात जादू होती, नाकावर राग होता. पास मिळाला नाही की रुसला. मिळाला पण उशिरा मिळाला, तरी रुसला. रेफरीनं दुसऱ्याच कुणासाठी शिट्टी वाजवली तरी याला वाटायचं, आपल्यालाच टोमणा मारला. मग चालत्या मॅचमधून सरळ बाहेर, आणि कडेच्या लिंबाखाली पाठ करून बैठक. दहा जण मैदानात, अकरावा लिंबाखाली. बघणारे ओरडायचे, "नवरदेव रुसला रे. घड्याळ द्या, सायकल द्या."

मनवायचं काम ठरलेल्या एका माणसाचं. साहेबराव. हा मल्हारीच्याच वाडीचा, तिथल्या बौद्ध वस्तीतला. कंपनीत टर्नर आणि मैदानात मल्हारीच्या मागं हाफ. मल्हारीनं दहा गोल केले तर त्यातले आठ साहेबरावनं पुरवलेल्या चेंडूवर. त्याच्या मोज्यात कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा असायचा. तो लिंबाखाली जाऊन उभा राहायचा.

"येतोस का?"

पाठ तशीच.

"मल्हारी, लोक बघायलेत. येतोस का?"

"बघू दे."

"गड्या, गूळ पाघळायलाय मोज्यात. येतोस का?"

तिसऱ्या हाकेला मल्हारी उठायचा. पहिल्या, दुसऱ्या हाकेला उठला तर तो रुसवा कसला? टीमचा कॅप्टन सूर्यभान एकदा वैतागून म्हणाला, "साहेबराव, तिसरी हाक आधी मारत जा रं. तेवढीच पाच मिनिटं वाचतील."

घरी हे लाड नव्हते. बायको राजाबाई शेजारणींना सांगायची, "मी ताट एकदाच वाढते. रुसला तर मांजराला घालते."

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव मुंबईत झाला, आणि मराठवाड्यात गावोगाव बौद्ध वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. कंपनीत चहाच्या वेळी माणसं आवाज खाली करून बोलायला लागली. त्याच आठवड्यात एक मॅच होती. मल्हारी मोकळा उभा असताना सूर्यभाननं स्वतःच चेंडू मारला, तो गेला गोलाच्या वरून पार रस्त्यावर. मल्हारी लिंबाखाली. पण त्या दिवशी साहेबराव आला नाही. त्याचं अर्धं लक्ष मैदानाच्या फाटकाकडं होतं, वाडीहून कुणी निरोप घेऊन येतंय का म्हणून. मॅच संपली, गर्दी पांगली. मल्हारी एकटाच उठला आणि मुकुंदवाडीच्या खोलीवर जाऊन न जेवता पडला. राजाबाई पंचमीसाठी माहेरी गेलेली, त्यामुळं मांजरही उपाशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं.

"मल्हारी, येतोस का? गावाकडं जायचंय. आई एकटी हाय."

मल्हारी भिंतीकडं तोंड करून खाटेवर पडला होता. आला एकदाचा, त्याच्या मनात आलं. ही एक झाली. त्यानं कूस बदलली, खाट करकरली. आता दुसरी.

पुढं लोकांना तो सांगायचा, गाढ झोप लागली होती. पण तो जागा होता, आणि हाक नेहमीची नाही हे त्याला कळलं होतं. तिच्यात गूळ नव्हता, थट्टा नव्हती. आपण कशाला हवे आहोत हेसुद्धा कळलं होतं. वाडीत त्याच्या चुलत्याचा, कारभारीचा शब्द चालायचा. मल्हारी सोबत असता तर साहेबरावच्या अंगाला हात लावायला कुणी धजलं नसतं. एवढं सगळं कळूनही तो दुसऱ्या हाकेची वाट बघत पडून राहिला. बाहेर सायकलचं स्टँड काढल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

साहेबराव पैठणच्या गाडीतून वाडीच्या फाट्यावर उतरला तेव्हा तिथं तीस-चाळीस माणसं उभी होती. कारभारी त्यांच्यात होता की नव्हता यावर वाडीत आजही दोन मतं आहेत, आणि दोन्हीकडची माणसं आपलं मत सांगताना खाली बघतात. काठ्यांनी साहेबरावचा उजवा गुडघा फोडला. घर जळालं. त्याची आई कडूबाई बाजरीत लपून राहिली म्हणून वाचली.

मल्हारी दवाखान्यात भेटायला गेला, तो वॉर्डच्या दारापर्यंत. लांबून प्लॅस्टरमधला पाय दिसला, आणि हातातली केळी वॉचमनला देऊन तो माघारी आला.

पुढच्या वर्षी राज्याच्या संघासाठी निवड होती. पहिल्या दहा मिनिटांत मल्हारीनं तिघांना चकवून असा काही चेंडू दिला, की निवड करणारे वह्या सरसावून बसले. मग दोनदा त्याला पास मिळाला नाही. जुनी सवय, गेला बाहेर आणि बसला एका झाडाखाली. कुणी आलं नाही. वहीवाल्यांनी विचारलं, "पाय मुरगळला का याचा?"

"नाय साहेब," सूर्यभान म्हणाला. "याला बोलवणारा राहिला नाय."

त्यानंतर मल्हारी कधी रुसला नाही. पास मिळो न मिळो, मुकाट पळायचा. बघणारे कंटाळले, म्हणाले, नवरदेवाची मजा गेली. पंच्याऐंशीत त्यानं बूट ठेवले. कंपनीनं चितेगावला नवी शेड घातली, तिथं जाऊन तो आता खरोखरच पंप बांधायला लागला. साहेबराव लंगडत जुन्या कारखान्यात स्टोअरला बसायचा. भेटला की हसून विचारायचा, "बरं हाय का?" बस. त्या सकाळबद्दल एक अक्षर नाही. एखादी शिवी हासडली असती तर मल्हारीला दोन घास गोड लागले असते.

अशी सोळा वर्षं गेली. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला, बाबासाहेबांचं नाव लागलं. सकाळीच मल्हारी भीमनगरात साहेबरावच्या दारी जाऊन उभा राहिला. तीन काय, तीस हाका मारायच्या, पण आज बोलायचं, असं ठरवून आला होता.

"साहेबराव."

पहिल्याच हाकेला दार उघडलं. साहेबराव इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्याची बटणं लावत होता. "ये की. चहा घेतोस?"

"त्या दिवशी मी जागा व्हतो."

"ठाऊक हाय. खाट करकरली की तुझी."

"मग दुसरी हाक का नाय मारलीस?"

"पैठणची गाडी दहाला व्हती," साहेबराव म्हणाला, आणि शेवटचं बटण लावलं.

तेवढ्यात निळे झेंडे घेतलेली गल्लीतली माणसं आली, आणि साहेबराव त्यांच्याबरोबर विद्यापीठाच्या गेटाकडं निघाला. मल्हारी उंबऱ्यापाशी उभाच. जरा वेळानं त्याच्या लक्षात आलं, आपण 'येतोस का'ची वाट बघतोय. चाळिशी आली तरी. त्याच्या कानशिलांची आग झाली.

आतून काठी टेकत कडूबाई आली. "सगळे पुढं गेले का? मला कोण नेतंय मग?"

"मी नेतो, मावशी."

त्यानं तिचा हात धरला. शहरातला सगळ्यात वेगवान लेफ्ट आउट रस्त्याच्या डाव्या कडेनं म्हातारीच्या पावलानं चालायला लागला. पुढं गर्दीत साहेबरावचा पांढरा सदरा लंगडत खाली-वर होत होता. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

थोडं चालल्यावर कडूबाई म्हणाली, "ती खाट हाय का रं अजून?"

मल्हारीची मान जी खाली गेली ती वर येईना. "मोडली, मावशी."

"बरं झालं. लई करकरायची म्हणं."

मल्हारीची पावलं नकळत भरभर पडायला लागली. म्हातारीनं त्याचा हात मागं ओढला.

"हळू चल," ती म्हणाली. "आता कुठली गाडी चुकायलीय?"