घरचं गिऱ्हाईक

जबलपुरात आमचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा सगळ्यांशी हिंदीत बोलतो. माझं आडनाव कळल्यापासून माझ्याशी तेवढा मराठीत बोलायचा. “काहून घाई करून राहिले भाऊ, तुम्ही तर घरचेच,” म्हणायचा आणि घरच्यांना बसवून ठेवायचा.

मुलीचा नवा लॅपटॉप अपडेट होताना अडकला. दुपारी तिची ऑनलाइन मुलाखत होती. मी सकाळपासून त्याच्या स्टुलावर बसलो होतो; माझ्या मागून आलेले लोक कामं उरकून गेले. मला तो चहा पाजत राहिला.

शेवटी मी हिंदीत म्हटलं, “भैया, नहीं होता तो वापस कर दीजिए।”

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, बटण दाबून धरलं आणि अडकलेलं अपडेट काढून टाकलं.

“हो गया, सर।”

आता माझं काम लगेच होतं. मराठी मात्र तो पुन्हा बोलला नाही.