तिखट संपेपर्यंत

निघायच्या दिवशी सकाळी आमचे हे स्वयंपाकघरात उभे राहून स्टीलच्या डब्यात भिवापुरी तिखट भरत होते आणि मी दाराआडून त्यांची लबाडी पाहत होते. चमचा अलगद झटकत, पिठी चाळल्यासारखं सैल सैल टाकत होते. डबा दिसायला भरलेला, आत निम्मी हवा. ते चपला शोधायला बाहेर गेले तशी मी आत शिरले, चमच्याच्या पाठीने तिखट गच्च दाबलं आणि बरणीतलं आणखी वर ओतलं.

करारच तसा होता. पाठीवर सॅक टाकून थायलंड, लाओस, व्हिएतनाम असं जमेल तितकं हिंडायचं, परतीचं तिकीट आधी काढायचं नाही. मग परत यायचं कधी? यावरून घरात बरीच भांडी आपटली. यांना मुळात जायचंच नव्हतं. कोराडीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेला माणूस, नागपुरात मानेवाड्याच्या घरात गॅलरीत पेपर मिळाला की त्याला मोक्ष मिळतो. जन्म भिवापूरचा, त्यामुळे गावच्या मिरचीशिवाय घास उतरत नाही. शेवटी त्यांनीच तोडगा काढला.

"डब्यातलं तिखट संपलं का वापस. मंजूर?"

"मंजूर," मी म्हटलं.

मला तो डबा पुरवायचाच होता. कारण उटी.

लग्न झालं तेव्हा मी बावीसची होते. उमरेडच्या विणकराची पोर. घरात दिवसभर मागाची खटखट, आणि ही शहाणी नकाशाचं पुस्तक छातीशी धरून मैत्रिणींना सांगायची, मी नाही बाई मागावर बसणार, मी जग पाहणार. मग तिला नवऱ्याने उटीला नेलं. बरोबर पत्र्याची पेटी, लग्नातल्या सगळ्या साड्या, थर्मास आणि केसांत माळायला कागदी फुलं! तिसऱ्या दिवशी धुक्यात एका बाकावर बसून या जगप्रवासिनीने "मले घरी जायाचं" म्हणून असं भोकाड पसरलं की घोडेवाले घोडी सोडून पाहायला आले. त्याच दिवशी आम्ही परतीची गाडी धरली. तेव्हापासून माझ्या नणंदेने, कमलताईने, माझं नाव 'उटीवाली' ठेवलं. नातवंडं आली, तरी नाव तेच.

या वेळीही ती गेटपाशी निरोप द्यायला आली होती. "जाय वं उटीवाले. आठ दिवसांत येशीन ना? दूधवाल्याले सांगून ठेवू काय?"

मी तशीच वळले. ऑटोत बसले आणि सॅक मांडीवर घट्ट धरली.

बँकॉकची हवा आपल्या ऑगस्टसारखी चिकट. फुटपाथवर प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलांवर बसून पहिलं जेवण केलं, शेवयांचं सूप. यांनी डबा उघडला आणि चमच्यावर चमचे ओतायला लागले. दुकानवाली बाई धावत आली. "फेत! फेत!" (तिखट, तिखट!) असं ओरडत तिने बाटलीतल्या तिच्या मिरच्या दाखवल्या, म्हणजे आधीच घातल्यात रे बाबा. यांच्या डोळ्यांतून धारा.

"काहून रडून राहिले?" मी विचारलं.

"आनंदानं वं. परदेश पाहून."

मी डबा काढून घेतला आणि माझ्या सॅकच्या तळाशी पुरला.

मला कुठेच थांबवेना. एक देऊळ पाहिलं की पुढचं, एक गल्ली संपली की तिच्या टोकाशी काय आहे ते. खोलीत सामान टाकून पाय टेकले की तळव्यांना खाज सुटायची. बसने उत्तरेला चिआंग माईला गेलो. तिथल्या बाजारात लाल तिखटाचे ढीग दिसले आणि माझी बुद्धी फिरली. हे फळं घेत होते, मी मूठभर तिखट घेऊन डब्यात मिसळून टाकलं. संध्याकाळी भातावर घेऊन यांनी जीभ टाळूला लावली.

"हे आपलं नोहे."

"हवा बदलली का चव बदलते."

"हो काय?" असं म्हणून ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले. भिवापूरची जीभ ती. पण त्यांनी पुढचा घास घेतला.

मग मेकाँग नदी ओलांडून लाओसमध्ये उतरलो आणि लांबुडक्या लाकडी नावेत बसलो. ही नाव दोन दिवस संथ चालत लुआंग प्राबांग गावाला नेते. बसायला जुन्या मोटारीच्या काढलेल्या सीटा. मी एका सीटवरून दुसरीवर, डावीकडून उजवीकडे, पुढचा थांबा कधी म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत. दोन्ही काठांवर डोंगर, वाळूत म्हशी, मासे पकडायला बांबू रोवलेले. नाववाल्याची बायको मागे चुलीवर रांधत होती. तिने यांना वेताच्या डबीतून खाव निआव (चिकट भात) दिला. त्याची बोटांनी गोळी करून खायची असते. हे नावेच्या नाकाशी बूट काढून बसले ते बसलेच.

"अवो, आत या. ऊन लागंन."

"राहू दे वं. जिंदगीभर चिमणीचा धूर पायला. आता हे पाहू दे मले."

त्या दिवशी जेवताना त्यांनी डबा मागितलाच नाही. मी मनात म्हटलं, जिंकले! आता कमलताईच्या नाकावर टिच्चून वर्षभर फिरते.

आणि तिथेच माशी शिंकली.

लुआंग प्राबांगजवळच्या एका खेड्यात घराखाली माग चालू होता. तिथली घरं खांबांवर उभी असतात, खालच्या सावलीत बाया विणतात. खटखट ऐकली आणि माझे पाय आपोआप वळले. माझ्याच वयाची एक आजी रेशमी सिन (तिथल्या बाया नेसतात ते लुगडं) विणत होती. ताण्यातला एक धागा तुटला. तिने चष्मा शोधायला हात लांबवला, तेवढ्यात मी वाकून गाठ मारली. बोटांना कोणी सांगितलं, देव जाणे. आजी हसली, सरकली, मला शेजारी बसवलं. मागावर न बसण्याची शपथ घेतलेली ती उमरेडची शहाणी कुठे असेल ती असो, तिचं तोंड मला पाहायचं होतं.

वरून कोणीतरी आजीला जेवायला हाक मारली. तिने हातवाऱ्यांनी विचारलं, तुझं घर कुठं? मी बोट उचललं आणि डोंगरापलीकडे, जिकडे सूर्य उतरत होता तिकडे धरलं. उगीच कुठंतरी नाही, नेमकं तिकडेच. ते बोट मला लवकर खाली घेता येईना.

त्यानंतर सगळं बिनसलं. अस्वस्थ मी आधीही होते, पण तेव्हा पुढचं गाव ओढायचं. आता सकाळी डोळा उघडायच्या आधी मानेवाड्याचं दार दिसायचं, खाली घासणारं, जरा उचलून ढकलावं लागतं ते. पण बोलणार कशी? कमलताई गेटपाशीच उभी दिसत होती. एकच वाट होती, डबा संपवायचा.

व्हिएतनाममध्ये मी तिखट खाल्लं. किती म्हणून सांगू! हनोईत सकाळच्या फोवर (मांसाच्या रश्शातल्या तांदळाच्या शेवया) चमचे, आगगाडीत उकडलेल्या मक्यावर चमचे, पपईवरही. पोटात भट्टी पेटली. लाज वाटायची, पण खायची. आणि डबा? संपेचना! द्रौपदीची थाळी झाली होती त्याची. चवही रोज निराळी, कधी धुरकट, कधी आंबटसर. वाटलं, आपली जीभ गेली.

ह्वे नावाच्या गावी उलगडा झाला. मी पोटासाठी दही शोधत बाजारात गेले, तर मसाल्यांच्या ओळीत ओळखीची पाठ दिसली. आमचे हे डबा उघडून उभे होते आणि दुकानवाली त्यात तिखट ओतत होती.

"हे काय करून राहिले?"

ते दचकले. मग डबा लपवावा तसा पोटाशी धरला. "तू नव्हतं काय भरलं चिआंग माईले? मले पहिल्याच घासात समजलं होतं. तुले हिंडायचं आहे, तर हिंडू दे म्हटलं. नावेतून उतरल्यापासून तुझ्या सॅकमधून काढून भरून राहिलो मी."

"आन् मी संपवून राहिली! पोटाची आग झाली माझ्या! मले घरी जायाचं आहे!"

मी चक्क बाजारात रडायला लागले. दुकानवालीने घाईने मला तिच्या स्टुलावर बसवलं आणि पाणी दिलं. बाईला वाटलं, तिखट डोळ्यांत गेलं.

"सांगायचं ना मंग," हे म्हणाले.

"कशी सांगू? उटीवाली म्हणतात मले."

यांनी डब्याचं झाकण फिरवून घट्ट बसवलं. "उटीले मलेही करमत नव्हतं. थंडीनं दात वाजून राहिले होते, घास उतरत नव्हता. नवा नवरा मी, कसं बोलू? तेवढ्यात तू रडली. माझं काम झालं."

"आन् मंग इतकी वर्षं मीच उटीवाली? एकदा तरी तोंड उघडायचं होतं!"

"तू लय जोरानं रडली होती वं. माझं कोणी ऐकलं नसतं."

मला इतका राग आला की हसूच फुटलं. त्या बाकावरच्या बावीस वर्षांच्या वेडीला पहिल्यांदाच म्हणावंसं वाटलं, रड गं बाई, तू दोघांचं रडलीस.

नागपूरला विमानातून उतरलो तर मे महिन्याची झळ तोंडावर आली आणि मी ती सुनेने ओवाळावं तशी घेतली. दार खाली घासलं, मी उचलून ढकललं. घरच्या फरशीवर अनवाणी उभी राहिले. बादलीभर पाणी, आपला मग्गा, कूलरच्या ओल्या गवताचा वास. ज्वारीची भाकर आणि वांग्याचा रस्सा असा जेवले की बोटं चाटताना नातीने फोटो काढला.

कमलताई आलीच. "आली काय उटीवाली! नाही करमलं ना?"

मी तोंड उघडणार, तोच हे पेपरमागून म्हणाले, "कमल, तिले काही म्हणू नको. मलेच करमत नव्हतं. ती तर वापस याले तयार नव्हती. अन् उटीहूनही मीच आणलं होतं तिले."

कमलताईचा चहा बशीतच राहिला. मी पदर सारखा करत सोशिक चेहऱ्याने बसले. अर्धं खोटं होतं, पण अर्धं माझ्या हक्काचं होतं.

घर आता गोड लागतंय. आठवडाभर तर मी गेटबाहेरही गेले नाही. पण काल दुपारी तळव्यांना पुन्हा जरा खाज सुटली. पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात चाहूल लागली. मी दाराआड थांबले. हे ओट्याशी उभे राहून घासलेल्या डब्यात बरणीतलं भिवापुरी तिखट भरत होते, आणि चमच्याच्या पाठीने गच्च दाबत होते.