सांडोरचं बावखल आणि शनिवारची दोरी

वसईजवळच्या सांडोरला मी गेलो तो रिबेकाला अडवायला. निसर्गाची ओढ वगैरे उगाच लिहिणार नाही. रिबेका आमच्या ठाण्याची, बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. थंडी सरली की ती कायमची इस्रायलला जाणार होती. एकदा नीट सांगितलं, "जाऊ नकोस," तर राहील, असं मला वाटत होतं. तिच्या ज्यू तरुण मंडळाचं दर हिवाळ्यात शिबिर असतं. एखाद्या गावाचं काम करायचं, शेवटी गाणंबजावणं करायचं, आणि म्होरक्या दर वेळी नवा. यंदा म्होरकी रिबेका. बाहेरचे मित्रही चालतात म्हणाली. मी कॉलेज दुसऱ्या वर्षालाच सोडलेलं, त्यामुळे रजा मागायचा प्रश्नच नव्हता.

शुक्रवारी सकाळी वसई स्टेशनच्या पश्चिमेला एसटी धरली. रिक्षा करू नका. एसटी स्वस्त, आणि खिडकीतून केळीच्या बागा फुकट. काम होतं इनासकाकांच्या वाडीतलं बावखल, म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. सगळी बाग त्याच्यावर जगते. जलपर्णीनं ते इतकं भरलेलं की मला आधी मैदानच वाटलं. जाणार असाल तर जुनी पँट न्या, अंगाला भयंकर खाज सुटते.

संध्याकाळपर्यंत अर्धं पाणी मोकळं झालं. रविवारी दुपारी गावाला सगळं साफ दाखवू, असा शब्द रिबेकानं काकांना दिला होता. आम्ही ऐन रंगात, आणि तिनं शिट्टी मारली.

"बास. शब्बाथ."

शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी तीन तारे दिसेपर्यंत त्यांच्यात काम बंद. उरलेली जलपर्णी इकडे तरंगत येऊ नये म्हणून तिनं घाईनं काथ्याची दोरी आडवी बांधून घेतली.

माझं डोकंच फिरलं. "अर्धवट टाकून जायचं? उद्या अख्खा दिवस आहे!"

"टाकत नाहीये, थांबतोय," ती म्हणाली. "तुला दोन्ही सारखंच वाटतं ना रे?"

शनिवारी आदल्या दिवशी शिजवलेलं जेवण आणि वाद्यांशिवाय गाणी. दुपारी वारा सुटला. काकांच्या ओट्यावरून आम्हाला दिसत होतं: दोरी ताणली, तुटली, आणि हिरवं सगळं सावकाश सरकत मोकळ्या पाण्यावर पसरलं.

मी उठलोच. "मी कुठे ज्यू आहे? मी जातो!"

रिबेकाचा चेहरा उतरला होता. काकांना दिलेला शब्द तिचा होता. "तू मोकळा आहेस. पण आमच्यासाठी केलेलं आम्हाला चालणार नाही."

मी पायरीवर उभा. मागे एकानं गाणं उचललं, मग सगळ्यांनी. रिबेकाचा आवाज आधी कापला, मग लागला. दिवसभराची मेहनत डोळ्यांदेखत बुडतेय आणि ही पोरं गातायत! अंगावर काटा आला. मी खाली बसलो.

तारे दिसले, शब्बाथ संपला. वेणीसारखी वळलेली मेणबत्ती लागली, लवंगांची डबी वासासाठी हातोहात फिरली. रविवारी उजाडताच सगळे पाण्यात, पार पहिल्यापासून. कुणाची कुरकुर नाही. चर्चमधली मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, आटपून परतलेले काका काठावर थबकले.

"काल तुमचा शनवार, आज आमचा आयतवार. आता काय करावं?"

"मिस्सा झाली ना? मग उतरा!" काकांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या मावशींनी, मागून ढकललंच त्यांना. पाठोपाठ शेजारीही उतरले. दुपारी कुणीतरी ओरडलं, "पानी! पानी दिसलं!" बावखलात आख्खं आभाळ होतं.

मग मलिदा: गोड पोहे, नारळ, वाडीतलीच केळी. आणि पेटीवर योसेफावरचं मराठी कीर्तन. बायबलातली गोष्ट मावशींना पाठ. गाणाऱ्याच्या आधीच त्या शेजारणीला सांगायच्या, "आता भाऊ त्याला खड्ड्यात टाकनार बग!"

परतताना एसटीच्या थांब्यावर मी म्हटलंच, "जाऊ नकोस."

रिबेकानं उलट विचारलं, "काल ओट्यावर का बसलास?"

"तू थांबवलंस म्हणून."

"मी तर तू मोकळा आहेस म्हटलं होतं. तू आपणहून थांबलास, वेड्या." तिचे डोळे भरले होते. "मी जाणार आहे."

ती गेली. पायांवरची खाज आठवडाभर राहिली, कीर्तनाची चाल अजून आहे. काका म्हणतात, जलपर्णी पुन्हा येणारच. पुढच्या थंडीत ती काढायला मी जाणार आहे, रिबेका नसली तरी. आणि हल्ली कुणी कॉलेजचं विचारलं की सोडलं म्हणत नाही. थांबलोय, म्हणतो.