पाच नंबरच्या खोलीतलं आजारपण

माझं तोंड फटकळ. बायको म्हणते, मास्तर झालात म्हणून निभावलं, दुकान टाकलं असतं तर एक गिऱ्हाईक टिकलं नसतं. तिचं खरं आहे, आणि ही आठवणही त्या तोंडापासूनच सुरू होते.

लातूर नवा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आम्ही अहमदपूर तालुक्यातले. पूर्वी एकेका कागदासाठी उस्मानाबाद गाठावं लागायचं, आता लातूर जवळ आलं म्हणून आम्ही खुशीत होतो. पण पाऊस काही नव्या जिल्ह्याचा हुकूम वाचून पडत नाही. सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं. मी शिकवायचो त्या गावात टँकर तीन दिवसांनी यायचा, कधी पाच. अशात आमचे आमदार गावात सभेला आले. भाषण संपल्यावर त्यांनी विचारलं, "काही अडचण?" मी उठलो आणि म्हणालो, "साहेब, गावात टँकर येत न्हाई, तुमी तेवढे येता."

लोक खो खो हसले. आमदारही हसले, पण ओठांपुरतंच. आठवडाभरात आवई उठली की मास्तरची बदली होणार, तीही पार कर्नाटकाच्या शिवेवर. बदली झाली नाही. पण तेव्हापासून त्यांची जीप दिसली की मी दुसऱ्या गल्लीनं जायचो.

त्याच उन्हाळ्यात मुंबईत अचानक सरकार हललं. सत्तेतल्या पक्षातच दोन फळ्या पडल्या. एकीकडे मुख्यमंत्री, दुसरीकडे त्यांना खाली ओढणारे, आणि विधानसभेत कुणाच्या बाजूनं जास्त हात वर होतात यावर सगळं येऊन ठेपलं. मतदानाला चार दिवस उरले होते आणि आमदार गोळा करायला दोन्हीकडच्या जीपगाड्या धावत होत्या. आमचे आमदार मात्र कुठं सापडेनात. पारावर रोज नवी बातमी. कुणी म्हणायचं हैदराबादला गेले, कुणी म्हणायचं मंत्रिपदावर विकले गेले.

मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. बायकोचे दिवस भरले होते. अहमदपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, इथं जमायचं नाही, नांदेडला न्या. जिल्हा लातूर झाला, तरी आमच्याकडं बाळंतपण अडलं की गाडी नांदेडच्याच रस्त्याला लागायची. भाड्याची जीप केली, सासूबाई आणि दोन मेहुणे बरोबर होते. एका छोट्या खाजगी दवाखान्यात दाखल केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी झाली. लेकरू चांगलं होतं, पण बायकोचं रक्त जायचं थांबेना.

डॉक्टर बाहेर आले ते घाम पुसतच. "रक्त द्यावं लागेल आणि लगेच द्यावं लागेल. ओ निगेटिव्ह आहे. मिळत नाही सहसा." त्यांनी गावभर फोन लावले, कुठंच नव्हतं. माझं जुळलं नाही, सासूबाईंचं जुळलं नाही. थोरला मेहुणा म्हणाला, जीपकडं बघून येतो. धाकटा त्याला बोलवायला गेला. दोघंही थेट दुपारी उगवले. त्या काळात रक्त दिलं की माणूस जन्माचा खचतो, असं लोक मानायचे. मी त्यांना आता दोष देत नाही, तेव्हा मात्र मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या.

रक्त तपासणारे एक म्हातारे चाचा होते. ते एकदम बोलून गेले, "डागदरसाब, ये ग्रुप तो कलच देखे ना अपन. पाँच नंबर के साब का."

डॉक्टरांनी असं बघितलं की चाचांनी पुढचं गिळलं. मी विचारलं, पाच नंबरला कोण आहे? डॉक्टर म्हणाले, "हृदयाचे पेशंट आहेत. त्यांचं घेता येत नाही."

पाच नंबरच्या दाराशी बाकावर एक माणूस पेपर वाचत बसलेला होता. सकाळपासून त्यानं पान उलटलेलं नव्हतं. मी त्याला ओलांडून दार ढकललं. आत खाटेवर मांडी घालून, अर्धापुरी केळ्यांचा घड पुढ्यात घेऊन, आमचे आमदार बसले होते. मला बघून त्यांनी आधी हातातलं केळं उशीखाली सारलं आणि मग छातीवर हात ठेवला.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं माझ्या मनात आलं. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

"टँकरवाले मास्तर," ते म्हणाले.

मी हात जोडले आणि एका दमात सगळं सांगितलं. तोवर डॉक्टर मागून आले, त्यांनी दार लावून घेतलं. आमदार त्यांचे शाळेपासूनचे दोस्त. आवाज खाली करून डॉक्टर त्यांना म्हणाले, "हार्टचं सर्टिफिकेट मुंबईला गेलंय. बाहेर बाकावर बसलाय तो तुझ्या नेत्याचा माणूस हाय, खरंच आजारी हायस का बघायला बसवलाय. रक्त दिलंस की सांजच्याला जीप दारात."

तेव्हा मला उमगलं. एका बाजूला त्यांना तिकीट देणारा नेता होता, दुसऱ्या बाजूला ज्यांच्या जोरावर ते निवडून यायचे ते जिल्ह्यातले बडे लोक. हात कुठंही वर केला तरी दुसरे संपवणार. म्हणून मतदानापुरतं हे आजारपण. ते खरं दिसावं म्हणून डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या होत्या, त्यातच रक्ताचा गट कळला होता.

आमदारांनी घड बाजूला सारला. मग विचारलं, "लेकरू कसं हाय?"

"पोरगी हाय. चांगली हाय."

ते खाटेवरून उतरले आणि पायात चपला सरकवल्या. "चला. तिला आई नको व्हय?"

स्वतःच्या पायांनी, त्या बाकावरच्या माणसासमोरून ते चालत गेले. तो ताडकन उठला, फोनपाशी गेला, रिसीव्हर उचलला. समोर सासूबाई भिंतीला टेकून देवाचं नाव घेत होत्या. त्यानं त्यांच्याकडं बघितलं आणि रिसीव्हर परत ठेवला. "बाटली भरू द्या आधी," तो म्हणाला, "मग करतो."

बायको वाचली. संध्याकाळी जीप आली.

आमदारांनी मुंबईत आपल्या जुन्या नेत्यासाठी हात वर केला आणि नेमकी तीच बाजू हरली. पुढच्या निवडणुकीत त्यांना तिकीट मिळालं नाही, ते अपक्ष उभे राहिले. मी सरकारी नोकर, मला प्रचाराला बंदी. बायको लेकीला कडेवर घेऊन घरोघर फिरली. दारात उभं राहून ती एवढंच म्हणायची, "माझ्या अंगात त्यांचं रक्त हाय." लोक ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे, आणि मतं दुसऱ्याला द्यायचे. ते सपाटून पडले.

पुढं ते मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, पुतण्याच्या बियाण्याच्या दुकानात बसायला लागले. लेक दहावी पास झाली तेव्हा तिला घेऊन मी पेढे द्यायला गेलो. इतकी वर्षं मनात घोळवत ठेवलेलं त्या दिवशी बोललो. म्हणालो, "साहेब, त्या सभेत मी बोललो ते चुकलं. आणि आमच्यापायी तुमची आमदारकी गेली."

त्यांनी लेकीला जवळ बसवून घेतलं.

"तुमचं काय चुकलं मास्तर? गावानं पाणी मागितलं, ते मला देता आलं न्हाई. पाणी, रस्ता, शाळा, लोकांनी जे जे मागितलं ते वर कुणाला तरी विचारून द्यायचं होतं. ह्ये एकच असं निघालं की कुणाला विचारावं लागलं न्हाई."

मग त्यांनी पेढ्याचे दोन तुकडे केले आणि मोठा लेकीच्या हातावर ठेवला.