भंडारा उचललेल्या माणसाचं औषध

ती घटना आजही आठवली की माझं डोकं तापतं. सोलापुरात शुक्रवार पेठेच्या चौकीवर मी फौजदार होतो. जवळच्या एका खासगी दवाखान्यातून डॉक्टरांची चिठ्ठी आली: वॉर्डातला नोकर रोग्याची औषधी ब्रँडी चोरून पितो, रोगी अत्यवस्थ आहे, ताबडतोब यावे.

रोगी गिरणी कामगार. मूळचा मेंढरं राखणाऱ्या घरातला, शहरात येऊन दारूत बुडालेला. म्हाताऱ्या आईने त्याला बिरोबाचा भंडारा उचलायला लावला, म्हणजे देवाची हळद हातात घेऊन शपथ घ्यायला लावली, की यापुढे थेंब तोंडात घेणार नाही. गड्याने शब्द पाळला आणि तिथेच घात झाला. अंग थडथड उडू लागलं, भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या, झटके आले.

डॉक्टर मला म्हणाले, "वर्षानुवर्षांची दारू एकदम तोडली तर माणूस दगावतो. म्हणून मापाने ब्रँडी द्यायची, रोज थोडी कमी करायची. झोपेला ब्रोमाइड, पोटाला दूध आणि पेज. आधी चांगला उतार पडला होता. आता पुन्हा बिघडलाय. ब्रँडी त्याच्या पोटात जातच नाही!"

नोकराला चौकीवर आणलं. विणकराच्या घरातला माणूस, तोंडाला शिंदीचा वास. माझ्या हवालदाराला तेवढा पुरावा पुरला. मी जबाब घ्यायला बसेपर्यंत त्याने दोन ठेवून दिल्या होत्या. पिणारा माणूस चोर असतोच, हे आमच्या खात्यात न लिहिलेलं कलम आहे.

"साहेब, पितो मी," तो गाल चोळत म्हणाला. "माझ्या पैशानं पितो. आजाऱ्याच्या तोंडातलं काढत नाही. आधी मीच त्याला पाजत होतो, तेव्हा सुधारला की! तो शुद्धीवर आल्यापासून म्हातारी मला त्याला हात लावू देत नाही. मी पेला भरतो, पाजते ती."

मी त्याला घेऊन वॉर्डात गेलो आणि दाराआड उभा राहिलो. त्याने पेला भरून म्हातारीच्या हाती दिला. त्याची पाठ वळताच तिने तो खिडकीबाहेर रिकामा केला आणि पोराला नुसतं दूध पाजायला बसली.

"म्हातारे, काय केलंस हे?" मी ओरडलोच.

ती डगमगली नाही. "मला काय वास येत न्हाय व्हय? दारू हाय ती. माज्या ल्येकानं भंडारा उचललाय. देवाचा कोप झाला तर तुमी निस्तरनार हाय का?"

पेल्यात काय आहे आणि का आहे, हे तिला सांगितलं होतं का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "त्या अडाणी बाईला काय सांगायचं?" जिभेवर आलेली शिवी मी गिळली.

बिरोबाच्या पुजाऱ्याला टांग्यातून आणवलं. माणूस समंजस. म्हणाला, "औषद देव मोजत न्हाय, बाई. दोष माज्या डोक्यावर. पाज त्याला." म्हातारी रडली, हळदीचं बोट पोराच्या कपाळाला लावलं आणि आपल्या हाताने पेला त्याच्या ओठाला टेकवला. निम्मा पोटात गेला असेल. दिवस मावळायच्या आत पुन्हा झटका आला आणि तो गेला. फार उशीर झाला होता, असं डॉक्टर म्हणाले.

चोरी झालीच नव्हती. मी तक्रार निकाली काढली. मार खाल्लेल्या नोकराला दवाखान्याने परत घेतलं नाही. पितो हे तर खरंच ना, म्हणाले. डॉक्टरांना कुणी काही विचारलं नाही.

या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच, की माणसाला खरं सांगायचं तर वेळेवर सांगावं. मागाहून सांगितलेल्या खऱ्याचा काडीचा उपयोग नसतो. म्हातारी प्रेताशेजारी बसून मला म्हणाली, "तुमी समद्यांनी भरीला घातलं आन् मी पाजली. भंडारा मोडला, साहेब. मीच मारला की माज्या ल्येकाला."

पाजलेल्या पेल्याने नाही, ओतून दिलेल्या पेल्यांनी गेला, असं सांगायला मी तोंड उघडलं. मग मिटून घेतलं. ते पेलेही तिनेच ओतले होते.